दर सोमवारी कुत्र्याला उलटी : घरच्या मसाल्याच्या जेवणात नेमके काय बाधते आणि ते कसे शोधावे

आमच्या घरी भुरी नावाची गावठी कुत्री आहे. वय सहा वर्षे, वजन 14 किलो, आणि भूक कोणत्याही ऋतूत शाबूत. तिला एका उन्हाळ्यापासून सोमवारी सकाळी उलटी होऊ लागली. आधी पिवळसर फेस, मग रात्रीच्या भाकरीचे न पचलेले तुकडे, कधी त्याच्या जोडीला पातळ शी. मंगळवारी दुपारपर्यंत ती पुन्हा ठणठणीत होत असे, त्यामुळे आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही. कुत्री गवत खातात, उकिरड्यात तोंड घालतात, एखादी उलटी व्हायचीच, अशी आमची समजूत होती. तीन महिन्यांनी मात्र ती जिना चढताना मध्येच थांबू लागली आणि तिच्या हिरड्यांचा गुलाबी रंग फिकट दिसू लागला, तेव्हा दर सोमवारचा हा प्रकार योगायोगाचा नाही हे लक्षात आले.

कोल्हापूरकडच्या घरांत रविवार म्हणजे मटण, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे संशय आधी तांबड्या रश्श्यावर गेला आणि आम्ही तो तिला देणे बंद केले. तरीही सोमवार चुकला नाही. मग मटणाचे तुकडे नळाखाली धुऊन देऊन पाहिले. तरीही नाही. शेवटी आईने, आपल्या मते सर्वांत सौम्य असा, अळणी पाण्यात भाकरी कुस्करून देण्याचा मार्ग काढला, आणि त्यानंतरचे दोन सोमवार सगळ्यांत वाईट गेले.

यातला गुंता ज्यांच्या घरी घडतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे, कारण चूक आमच्या काळजीत नव्हती, ती आमच्या कसोटीत होती. कुत्र्याला द्यायच्या अन्नाची आपण एकच परीक्षा करतो : ते तिखट आहे का? तिखट नसेल तर चालेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मसाल्याच्या जेवणात कुत्र्याला बाधणाऱ्या गोष्टींच्या यादीत मिरचीचा क्रमांक बराच खाली लागतो.

मिरची कमी, कांदा-लसूण जास्त

मिरचीतल्या कॅप्सेसिनने कुत्र्याच्या तोंडाची आणि आतड्याची आग होते, ते पाणी जास्त पिते, लाळ गाळते, त्याला जुलाब होऊ शकतात. त्रास खरा आहे, पण तो बहुधा तेवढ्यापुरता असतो, आणि मुख्य म्हणजे तो लगेच दिसतो. कांदा आणि लसूण यांचे तसे नाही. त्यांच्यातली गंधकयुक्त द्रव्ये पोटातून रक्तात जातात आणि तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनची नासाडी करतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गाठी पेशीच्या कडेला जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसतात आणि त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. अशा पेशी शरीर मोडीत काढते, किंवा त्या रक्तातच फुटतात. याचा परिणाम दिसायला एक दिवस ते आठवडाभरही लागू शकतो. तोवर रविवारचे जेवण कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते, म्हणून दोन्हींचा संबंध लावणे अवघड जाते.

शिजवल्याने किंवा तळल्याने हा दोष जात नाही. वाळवून केलेल्या पुडीत तर तो एकवटतो, कारण कांद्यातले पाणी निघून गेलेले असते आणि चमचाभर पुडीत बराच कांदा मावतो. आमच्याकडच्या कांदा-लसूण मसाल्याचा विचार या दृष्टीने करावा. वर्षभराची चटणी करताना कांदा चिरून वाळवतात किंवा परततात, लसूण सोलून घालतात, सोबत सुके खोबरे आणि मिरची कुटतात. भाजीत ‘फक्त चटणीच घातली आहे, वरून कांदा घातलेला नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण कुत्र्याच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ नसतो. लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा अधिक तीव्र असतो. गोचिडांवर उपाय म्हणून रोज लसणाची पाकळी देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ते आजच थांबवावे.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर असा : एका वेळी शरीराच्या वजनाच्या 0.5 टक्क्यांहून अधिक कांदा पोटात गेल्यास कुत्र्यांत विषबाधा आढळते, असे पशुवैद्यकात मानले जाते. भुरीच्या 14 किलो वजनाला हे 70 ग्रॅम होतात, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. पाच किलोच्या पॉमेरेनियनला 25 ग्रॅम, म्हणजे त्याहूनही लहान तुकडा पुरतो. चार माणसांच्या रश्श्यात किती कांदे जातात ते आपणच मोजून पाहावे. शिवाय हा आकडा एका वेळचा आहे. कुत्र्याची तांबडी पेशी तीन-साडेतीन महिने जगते, म्हणून रोज थोडा थोडा कांदा पोटात जात राहिला तर नुकसान भरून निघण्याआधी नवे नुकसान होत राहते. अकिता आणि शिबा इनू या जपानी जातींना हा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो.

अळणी पाण्याचे कोडे

आता आमचे कोडे सुटावे. अळणी म्हणजे बिनमिठाचे, निदान शब्दाचा अर्थ तोच. पण कोल्हापुरी स्वयंपाकघरात अळणी पाणी म्हणजे मटण पहिल्यांदा शिजवताना निघणारे पाणी, आणि त्या शिजवण्यात हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण आणि चिरलेला कांदा घातलेला असतो. याच पाण्यातून पुढे तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से होतात. लहान मुलाला पहिल्यांदा मटणाची चव द्यायची तर हेच वाटीत घालून देतात, त्यामुळे ते सर्वांत निरुपद्रवी आहे असा आमचा पक्का समज होता. माणसाच्या बाळाला ते चालतेही. कुत्र्याला मात्र त्यातून तिखट वगळून बाकी सगळे मिळत होते : शिजून मऊ झालेला कांदा, लसूण, मीठ आणि वर तरंगणारी चरबी. भाकरी कुस्करल्यामुळे तो कांदा वेचून बाजूला टाकण्याचीही सोय उरत नव्हती.

पांढऱ्या रश्श्याची गत तीच आहे. रंग पांढरा आणि चव सौम्य म्हणून तो द्यावासा वाटतो, पण त्यात याच अळणी पाण्यावर नारळाचे दूध आणि काजू-तिळाचे वाटण चढलेले असते, म्हणजे चरबी आणखी वाढलेली असते. आणि तुकडे धुण्याचे म्हणाल तर, धुऊन मिरची आणि तेल जाते. शिजताना मांसात मुरलेला रस नळाच्या पाण्याने निघत नाही.

श्रावणाने दिलेला पुरावा

कारण नेमके कोणते हे आम्हाला डॉक्टरांच्या आधी दिनदर्शिकेने सांगितले. आमच्याकडे श्रावणात मांसाहार नसतो आणि आजी घरात असेपर्यंत त्या महिन्यात कांदा-लसूणही नसतो. गटारीच्या दुसऱ्या दिवशी भुरी दिवसभर कोपऱ्यात पडून होती. त्यानंतर गणपती उठेपर्यंत तिला एकदाही उलटी झाली नाही. त्या काळात ती उपाशी नव्हती. वरणभात, भाकरी, दुधी, भोपळा असे आमच्याच ताटातले खात होती. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्याच रविवारी मटण शिजले आणि सोमवारी सकाळी ओट्याखाली पुन्हा पिवळा फेस दिसला.

पशुवैद्यक मंडळी अन्नाची बाधा ओळखण्यासाठी संशयित पदार्थ काही आठवडे पूर्ण बंद करून नंतर एकेक परत सुरू करायला सांगतात. पोटाच्या तक्रारी असतील तर फरक बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसतो, कातडीच्या खाजेसाठी आठ आठवडे थांबावे लागते. आमच्याकडे हा प्रयोग व्रतामुळे आपोआप झाला. ज्यांच्या घरी कांदेनवमी करून चातुर्मास पाळतात, त्यांना तर चार महिन्यांचा आयता पुरावा मिळू शकतो. कुत्रे वर्षातले कोणते महिने बरे असते, एवढे आठवून पाहिले तरी पुष्कळदा उत्तर निम्मे हाती लागते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. फिकट हिरड्या आणि थकवा हे आपल्या भागात फार वेळा गोचिडतापाचे लक्षण असते. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही रोग गोचिडांतून येतात आणि बबेसियात लघवी लालसरही होते, अगदी कांद्याच्या विषबाधेसारखी. म्हणून डॉक्टरांचा पहिला तर्क गोचिडतापाकडे जातो आणि तो चुकीचा नसतो. आमच्या डॉक्टरांनीही आधी तीच तपासणी केली. ती नकारात्मक आल्यावर त्यांनी ‘ही खाते काय?’ असे विचारले आणि आईने मोठ्या अभिमानाने अळणी पाण्याचे नाव घेतले. रक्ताच्या काचेवर हाइन्झ बॉडीज दिसल्या, हिमोग्लोबिन कमी निघाले, पण रक्त चढवण्याइतके नाही. तात्पर्य इतकेच की, दवाखान्यात गेल्यावर कुत्र्याच्या खाण्याची माहिती विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावी, आणि ती सांगताना संकोच करू नये.

मग सोमवारची उलटी कशाने?

येथे दोन त्रास एकमेकांत मिसळले होते, हे समजायला मला वेळ लागला. हळूहळू येणारा थकवा कांद्या-लसणाचा होता. दुसऱ्या दिवशीची उलटी मुख्यतः चरबीची होती. आठवडाभर साधे खाणाऱ्या कुत्र्याला एका रात्री तर्री (रश्श्यावर तरंगणारे तेल), कट आणि मटणावरची काढून टाकलेली चरबी मिळाली की त्याचे पोट बिघडते, आणि काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. स्वादुपिंडाची सूज साधी गोष्ट नाही. त्यात उलट्या थांबत नाहीत, पोट दुखते, आणि कुत्रे पुढचे पाय जमिनीला टेकवून पाठीमागचा भाग वर ठेवते. आळस देतानाही कुत्री असेच करतात, पण आळस क्षणभराचा असतो. कुत्रे वारंवार आणि बराच वेळ याच अवस्थेत राहत असेल तर त्याचे पोट दुखत आहे असे समजावे. जाड कुत्र्यांना आणि मिनिएचर श्नाउझरसारख्या जातींना हा धोका अधिक असतो. दिवाळीत चकली, शेव, चिवडा खाऊन आजारी पडणाऱ्या कुत्र्यांचे कारणही बहुधा हेच असते. चिवड्यात मनुका असतील तर प्रश्न आणखी गंभीर होतो.

मनुका आणि द्राक्षे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, हे अनेकांना ठाऊक असते. त्यामागे टार्टरिक आम्ल असावे, असा निष्कर्ष 2021 मध्ये एएसपीसीए या अमेरिकी संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी मांडला. पुढे त्यांनी चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही त्याच संदर्भात प्रसिद्ध केल्या, कारण चिंचेतही टार्टरिक आम्ल भरपूर असते. आपल्याकडे चिंच-गुळाची आमटी रोजची. नैवेद्याच्या ताटात कांदा-लसूण नसतो म्हणून ते सुरक्षित, असे मीही काही काळ समजत होतो, पण कटाच्या आमटीत चिंच असते आणि सणाच्या शिऱ्यात मनुका. कुत्र्याला आमटीचा किती भाग चालेल याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा चिंच पडण्याआधीचे शिजलेले वरण बाजूला काढणे कितीतरी सोपे आहे.

मिठाबद्दल थोडक्यात. रोजच्या भाजीतले मीठ निरोगी कुत्र्याला लगेच विषारी ठरत नाही, मात्र सोबत पाणी भरपूर हवे. सुके बोंबील, सुकट, लोणच्याचा खार, पापड हे टाळावे. मिठाचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, त्याकडे पुढे येतो. हळद, जिरे, धणे, आले हे चिमूटभर पोटात गेल्याने काही होत नाही. मोहरी जास्त गेली तर आतडे चिडते. श्रीखंडातल्या किंवा पुरणातल्या जायफळाच्या किंचित पुडीने पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही, पण अख्खे जायफळ कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये, कारण त्यातल्या मायरिस्टिसिनचा परिणाम मेंदूवर होतो. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजीचा गोड पदार्थ) घातलेले बिनसाखरेचे पदार्थ यांचा मसाल्याशी संबंध नाही, तरीही ते पूर्ण वर्ज्य आहेत.

हाडांबद्दल वाद घालणारे घरोघरी भेटतात. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुतू शकतात. नळीचे गोल तुकडे तर खालच्या जबड्यावर कड्यासारखे अडकून बसतात आणि ते दवाखान्यात कापून काढावे लागतात. आजोबांच्या काळी कुत्री हाडेच खात होती हे मान्य आहे, परंतु त्या कुत्र्यांपैकी कोण कशाने गेले याची वही कोणी ठेवलेली नव्हती. ‘गल्लीतली कुत्री सगळे खातात, त्यांना काही होत नाही’ या युक्तिवादालाही हेच उत्तर आहे. त्यांचा सोमवार कोणी पाहत नाही.

शोध आणि उपाय : आम्ही काय केले

पहिले काम वहीचे. तीन आठवडे स्वयंपाकघरात एक वही टांगून ठेवावी आणि कुत्र्याच्या तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळेसह, ज्याने दिली त्याने लिहावी. बिस्किटाचा तुकडाही लिहावा. शी कशी झाली, उलटी झाली का, हेही त्याच ओळीत. हे वाचायला सोपे वाटते, पण सगळे प्रयत्न फसतात ते बहुधा येथेच, कारण बहुतेक घरांत कुत्र्याला अधिकृतपणे एक माणूस जेवू घालतो आणि अनधिकृतपणे सगळेच. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात आजोबांचे नाव एकदाही आले नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलीने सहज सांगितले की आजोबा रोज रात्री आमटीत बुडवलेली भाकरी टेबलाखाली धरतात. त्यांना रागावून उपयोग नव्हता. जेवताना दारातल्या कुत्र्याला घास काढून ठेवायचा, ही शिकवण त्यांनी आयुष्यभर पाळली होती आणि ती वाईट म्हणता येणार नाही. आम्ही इतकेच केले की त्यांच्या ताटाशेजारी एक छोटी वाटी ठेवली, तीत उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी, आणि घास त्या वाटीतला द्यायचा. आठवड्याभरात त्यांना ते पटले. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगावे लागले, कारण खरकटी भांडी घासण्याआधी तळाचे भुरीपुढे ठेवणे हा त्यांचा तिच्यावरचा लोभ होता, आणि कढईच्या तळाशीच कांदा आणि तेल सर्वाधिक असते.

दुसरे काम पोटाला विश्रांती देण्याचे. उलटी थांबली असेल आणि कुत्रे पाणी पचवत असेल, तर तीन-चार दिवस मऊ भात आणि बिनहाडाची, बिनकातडीची, नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी द्यावी. भात दोन वाट्या तर कोंबडी एक वाटी, आणि दिवसाचे अन्न तीन-चार वेळा विभागून. मीठ नाही, हळदही नाही, तूप तर नाहीच. दूध पाजू नये. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब वाढतात. ताजे, आंबट न झालेले दही त्यांना त्यामानाने सोसते, पण तेही पोट ठीक झाल्यावर.

त्यानंतर एकेक पदार्थ परत आणावा आणि प्रत्येकाला तीन-चार दिवस द्यावेत. आम्ही भाकरीपासून सुरुवात केली. भाकरी-भातावर विनाकारण संशय घेऊ नये. कुत्र्याला धान्य पचतच नाही, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ असतात, परंतु माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्यात पिष्ट पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा बरीच वाढली, हे 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले आहे. भुरीला भाकरी बाधली नाही, उकडलेले अंडे बाधले नाही, गाजर आणि दुधी बाधले नाहीत. मटणही बाधले नाही, हे महत्त्वाचे. नुसत्या पाण्यात उकडलेले, चरबी काढलेले मटण तिने रविवारी खाल्ले आणि सोमवारी सकाळी ती फाटकाशी उभी राहून दूधवाल्यावर भुंकत होती.

तिसरे आणि कायमचे काम म्हणजे कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढणे. शिजल्यावर धुणे, वेचणे, पाणी घालून पातळ करणे हे सगळे उलट्या दिशेचे उपाय आहेत आणि ते टिकत नाहीत. मटण आणल्यावर धुऊन होताच भुरीचे सात-आठ तुकडे एका लहान पातेल्यात वेगळे पडतात, त्यात फक्त पाणी, आणि कुकरमध्ये हे पातेले वरच्या बाजूला झाकण घालून बसते. झाकण आवश्यक आहे, कारण खालच्या डब्यातला रस उसळून वर येतो. वरणाचेही तसेच : डाळ शिजली की चिंच, गूळ, मसाला पडण्याआधी दोन पळ्या बाजूला. भाजी चिरताना दुधी, गाजर किंवा भोपळ्याच्या चार फोडी त्याच कुकरात. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, गॅसही वेगळा लागत नाही. ही सवय अंगवळणी पडायला आईला दोन रविवार लागले.

एक चूक सुधारताना दुसरी होऊ नये

मसाला बंद केल्यावर अनेक घरांत कुत्रे महिनोन्महिने नुसत्या भात-कोंबडीवर किंवा दूध-पोळीवर राहते आणि काही काळाने वेगळ्याच तक्रारी सुरू होतात : केस निस्तेज, हाडे दुखरी, पिल्लाचे पाय वाकडे. विश्रांतीचा आहार चार दिवसांसाठी असतो, आयुष्यभरासाठी नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य असते, आणि भात-पोळीत ते कॅल्शियम मिळत नाही. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, शक्यतो थोडे अधिकच हवे. कायम घरचेच अन्न द्यायचे असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूर्तता कशी करावी, किती करावी, हे पशुवैद्यांकडून वजनानुसार ठरवून घ्यावे. अंदाजाने गोळ्या किंवा भुकटी घालू नये, मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचे कॅल्शियमही अपाय करते. हे जमणारे नसेल तर संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे तयार खाद्य मुख्य ठेवावे आणि घरचा घास दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या भागापुरता मर्यादित ठेवावा. तयार खाद्याकडे वळतानाही सात ते दहा दिवस घ्यावेत, जुने कमी आणि नवे अधिक असे करत. एकदम बदलले तर पुन्हा जुलाब होतात आणि आपण पुन्हा भलत्याच गोष्टीला दोष देतो.

घरी थांबू नये अशी वेळ

कुत्र्याच्या हिरडीवर अंगठा दाबून सोडावा. पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. तो होत नसेल, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसत असतील, लघवी तपकिरी किंवा लालसर होत असेल, पाण्याचा घोटही टिकत नसेल, शीमध्ये रक्त असेल, चालताना तोल जात असेल किंवा झटके येत असतील तर वही, प्रयोग सगळे बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. पोट फुगून टणक झाले आहे आणि कुत्रे उलटीसाठी उबळी देते पण बाहेर काहीच येत नाही, अशा वेळी तर तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो, कारण ते पोटाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. अंग गरम लागते म्हणून मात्र ताप समजू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते.

कांद्याची भजी, मसाल्याची पुडी, मनुका किंवा चिंचेचा गोळा असे काही नुकतेच खाल्लेले असेल तर पहिल्या दोनेक तासांत पोहोचल्यास डॉक्टर उलटी करवून बराच भाग बाहेर काढू शकतात. पाकीट किंवा उरलेला पदार्थ सोबत न्यावा. घरी उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये, आणि मिठाचा खरा धोका म्हटले तो हाच. किलोमागे दोन-तीन ग्रॅम मिठाने कुत्र्यात विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. भुरीच्या वजनाला ते 28 ग्रॅमपासून सुरू होतात, म्हणजे पाचेक चमचे. मूठभर मीठ पाण्यात कालवून पाजले आणि उलटी झालीच नाही, तर कांद्यापेक्षा मोठे संकट आपणच ओढवून घेतलेले असते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी माणसाची औषधेही देऊ नयेत.

वहीचे तीन आठवडे काटेकोर पाळूनही उलटी किंवा पातळ शी परत येत असेल, तर दोष अन्नाचा नसण्याची शक्यता धरून शीची तपासणी करून घ्यावी. जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी यांच्यामुळे असाच येऊन-जाऊन त्रास होतो, आणि जिआर्डिया एका नमुन्यात दिसला नाही म्हणून नाही असे ठरत नाही, वेगवेगळ्या दिवशीचे नमुने द्यावे लागतात. भुरीचे रक्त महिन्याभराने पुन्हा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन वर आलेले होते. वही अजून ओट्यापाशी टांगलेली आहे, आणि तिच्यातली ताजी नोंद आजोबांच्या हातची आहे : ‘रात्री 8.40, भोपळा, 3 फोडी.’